जुन्या व्हिडिओ गेमचा अडॅप्टर हरवलाय? आधी कन्सोल उलटा करून बघा

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीकडे सध्या जुन्या इमारती धडाधड रिकाम्या होतायत. पुनर्विकासाचं नक्की झालं की माळा उपसावाच लागतो, आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली खोकी खाली येतात. दिवाळी अंकांचे गठ्ठे, कल्हई उडालेली पातेली, लग्नाच्या कॅसेटी, आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ गेम. कुणाकडे ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ असा आपल्याकडे मिळायचा तो आठ बिटवाला. कुणाकडे न्यू जर्सीच्या मामाने आणलेला निन्टेन्डो. कुणाकडे सेगाचा मेगा ड्राइव्ह. हा १९९५ मध्ये शॉ वॉलेसने अधिकृतपणे भारतात आणला होता, तेव्हा किंमत १८,००० रुपये, म्हणजे कित्येक घरांत दोन-तीन महिन्यांचा पगार.

खोक्यात कॅसेट सापडते, जॉयस्टिक सापडतात, टीव्हीची वायर सापडते. अडॅप्टर तेवढा नसतो. तो कधीतरी रेडिओला नाहीतर वॉकमनला लावायला काढलेला असतो आणि परत जागेवर जात नाही.

मग कन्सोल पिशवीत घालून स्टेशनजवळच्या गल्लीत जायचं. ‘दादा, याला चार्जर मिळेल का?’ दुकानदार मागचं भोक बघतो, टोपलीतून एक काळा अडॅप्टर काढतो, पिन घालून बघतो. पिन बसते. ‘नऊ व्होल्टचा आहे, चालून जाईल.’

बरेचसे जुने कन्सोल नेमके इथे मरतात. तीस वर्षं माळ्यावर उन्हाळे-पावसाळे काढून जिवंत राहिलेलं यंत्र काउंटरवर दोन सेकंदांत जातं, कारण पिन बसणं आणि वीज जुळणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. बाहेरून ५.५ मिलिमीटर आणि आतून २.१ मिलिमीटरची ती गोल पिन राउटरला आहे, सीसीटीव्हीला आहे, सेट-टॉप बॉक्सला आहे, जुन्या कॅसिओला आहे आणि निम्म्या जुन्या कन्सोलनाही आहे. त्या पिनेतून येणारी वीज मात्र दर वेळी वेगळी.

दुसऱ्या टोकाला ‘ओरिजिनलच पाहिजे’ म्हणणारे लोक असतात. महिनोन्‌महिने शोधून, परदेशातून कुरियरचे पैसे भरून तीस वर्षं जुना अडॅप्टर मागवतात. माझ्या मते ते कष्ट फुकट आहेत. कन्सोलला ब्रँड कळत नाही. त्याला चार गोष्टी कळतात: एसी की डीसी, किती व्होल्ट, मधली पिन धन की ऋण, आणि किती अँपिअर मिळू शकतात. या चार गोष्टी कन्सोलच्या पोटावरच्या लेबलवर, मागच्या भोकाजवळ किंवा मूळ अडॅप्टरवर बहुधा लिहिलेल्या असतात. लेबल वाचता आलं की बाकीचं काम सोपं आहे.

एसी आणि डीसी

घरच्या भिंतीतली वीज एसी, म्हणजे दर सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी. बॅटरीतली डीसी, एकाच दिशेने वाहणारी. लेबलवर एसीसाठी नागमोडी रेघ असते आणि डीसीसाठी एक सरळ रेघ, तिच्याखाली तुटक रेघ. आज घरात येणारे जवळजवळ सगळे अडॅप्टर डीसी देतात, म्हणून ही रेघ कुणी बघत नाही.

जुन्या काळात मात्र एसी देणारेही अडॅप्टर होते, आणि त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण निन्टेन्डोचं. जपानमध्ये १९८३ मध्ये आलेला फॅमिकॉम १० व्होल्ट डीसी घेतो, ८५० मिलिअँपिअर, मधली पिन ऋण. तेच यंत्र वेगळ्या डब्यात घालून १९८५ मध्ये अमेरिकेत आणलं, त्याचं नाव एनईएस. त्याचा अडॅप्टर देतो ९ व्होल्ट एसी, १.३ अँपिअर. दोघांची पिन सारखी. कंपनी एक, गेम तेच, भोक तेच.

आता दोन्ही बाजूंनी बघा. एनईएसच्या आत चार डायोडचा ब्रिज आहे. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, आणि असे चार जोडले की तो ब्रिज एसीचं डीसी करतो. त्याला डीसी दिलं तरी ब्रिज ते सरळ करून पुढे पाठवतो, धन-ऋण उलटं असलं तरी. म्हणून एनईएसवाल्याचं नशीब चांगलं: ९ व्होल्ट डीसीचा, अँपिअर भर देणारा कुठलाही बरा अडॅप्टर त्याला चालतो. फॅमिकॉममध्ये तो ब्रिज नाही. एनईएसचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमला लावला की आतल्या भागांना दर सेकंदाला ५० वेळा उलटी वीज मिळते आणि कन्सोल उडतो. मामाचा अमेरिकन अडॅप्टर आणि ग्रँट रोडहून आणलेला जपानी फॅमिकॉम एकाच खोक्यात असतील तर दोघांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

युरोपातला सुपर निन्टेन्डोही ९ व्होल्ट एसीवर चालतो, आणि त्याचंच जपानी रूप असलेला सुपर फॅमिकॉम फॅमिकॉमच्याच अडॅप्टरवर. त्यामुळे ‘सुपर निन्टेन्डोचा अडॅप्टर’ असं नुसतं म्हणण्याला अर्थ नाही, कुठल्या देशातला ते आधी विचारायचं.

मधली पिन: धन की ऋण

डीसी असेल तर पुढचा प्रश्न. गोल पिनेला दोन भाग असतात: आतलं भोक आणि बाहेरची नळी. धन कुठे, ऋण कुठे? लेबलवर यासाठी एक छोटं चित्र असतं. मध्ये भरीव ठिपका, त्याभोवती एका बाजूने उघडी कडी, आणि दोन्हीकडे रेघा निघून एका टोकाला अधिक, दुसऱ्या टोकाला उणे. ठिपक्यातून निघालेली रेघ ज्या चिन्हापाशी पोचते ते मधल्या पिनचं.

आजचे राउटर, सीसीटीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांचे अडॅप्टर मध्ये धन असतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातले जपानी कन्सोल बहुतेक मध्ये ऋण. म्हणजे घरातला पडीक राउटरचा अडॅप्टर ९ व्होल्टचा असला, डीसी असला, पिन बसत असली, तरी फॅमिकॉमला तो उलटा पडतो. काही यंत्रांत उलट्या विजेला अडवणारा डायोड असतो, मग नुसतं काहीच होत नाही. ज्यात नसतो त्यात धूर निघतो. आपलं कुठल्या प्रकारचं आहे हे लावून बघण्यात शहाणपणा नाही.

सेगाने तर स्वतःच्याच घरात घोळ घालून ठेवलाय. मेगा ड्राइव्हचं पहिलं मॉडेल मध्ये ऋण, पिन नेहमीची ५.५ मिलिमीटरची. दुसरं, छोटं मॉडेल मध्ये धन, १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, आणि पिन बारीक: बाहेरून साधारण ४.८, आतून १.७ मिलिमीटर. एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला सहज बसत नाही हे त्यातल्या त्यात बरं. पण ही बारीक पिन एचपीच्या जुन्या लॅपटॉप अडॅप्टरलाही होती, आणि तो देतो १८.५ व्होल्ट. तो काळा ठोकळा अजून कितीतरी घरांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. दुसऱ्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हपासून तो लांब ठेवा.

लेबल पुसून गेलं असेल तर? आपल्या आठ बिटवाल्यांवर तर लेबल बऱ्याचदा नसतंच, आणि एकाच डब्यात वेगवेगळे बोर्ड असायचे. इथे मल्टीमीटर लागतो. साधा डिजिटल, काही शे रुपयांचा पुरतो. त्याला बीप वाजणाऱ्या खुणेवर लावा. कन्सोल कशालाही जोडलेला नको. टीव्हीला जाणारी पिवळी-पांढरी एव्ही सॉकेटं असतील तर त्यांची बाहेरची धातूची कडी म्हणजे ऋण बाजू, ज्याला मेकॅनिक ग्राउंड म्हणतात. मीटरची एक सळई त्या कडीला लावा, दुसरी अडॅप्टरच्या भोकातल्या मधल्या काडीला. बीप वाजला तर मधली पिन ऋण. मग तीच सळई भोकाच्या आतल्या बाजूच्या पट्टीला लावा. तिथे बीप वाजला तर बाहेरची नळी ऋण, म्हणजे मधली धन. दोन्हीकडे शांतता असेल तर आत ब्रिज असण्याची, म्हणजे कन्सोल मुळात एसीवाला असण्याची बरीच शक्यता आहे. अशा वेळी उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एवढी तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि डब्याचा एकही स्क्रू काढावा लागत नाही. दुकानात ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याला हे करून बघायला सांगा, चांगला माणूस लगेच करतो.

व्होल्ट, आणि ७८०५ नावाचा तीन पायांचा आयसी

जुन्या कन्सोलच्या बहुतेक चिप ५ व्होल्टवर चालतात. मग अडॅप्टर ९ किंवा १० व्होल्टचा का? कारण आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर बसवलेला असतो. तीन पाय, पाठीला धातूचा पत्रा, आणि त्या पत्र्याला स्क्रूने घट्ट केलेला ॲल्युमिनियमचा तुकडा. हा आयसी वरून येईल ते घेतो आणि खाली ठाम ५ व्होल्ट सोडतो. जास्तीचं काय करतो? उष्णता करून टाकतो.

हिशोब सोपा आहे. कन्सोल समजा ०.७ अँपिअर खातो. अडॅप्टरमधून ९ व्होल्ट येतायत. ५ वापरले, ४ उरले. ४ गुणिले ०.७, म्हणजे २.८ वॉट उष्णता. तेवढी तो पत्रा सहन करतो. आता ९ ऐवजी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला. ७ गुणिले ०.७, म्हणजे ४.९ वॉट. जवळजवळ पावणेदोन पट. कन्सोल चालू होतो, चित्र छान येतं, तुम्ही खूश. अर्ध्या तासाने बंद पडतो, कारण आयसी तापून स्वतःला वाचवायला थांबतो. ठाण्याच्या मे महिन्यात, पंखा बंद करून, चादरीवर ठेवून खेळलात तर अर्धा तासही लागत नाही. रोजच्या या भाजण्याने शेजारचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकतात, आणि ते आधीच म्हातारे झालेले असतात. म्हणून १२ व्होल्ट ‘चालतो’ असं कुणी सांगितलं तर ते खरं आहे, पण चालवू नका.

उलटा विचारही डोक्यात येतो. आत ५ व्होल्टच लागतात तर मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर थेट का नको? ७८०५ ला ५ सोडायला वरून निदान ७ च्या आसपास लागतात. ५ दिले तर खाली साडेतीन-पावणेचार पडतील, आणि स्क्रीन काळा किंवा करडा राहील. ९ हा आकडा यातूनच आलाय: वर थोडी जागा, खाली फार उष्णता नाही. एनईएससारख्या ब्रिजवाल्यात दोन डायोडमध्ये साधारण १.४ व्होल्ट आणखी जातात, तरी ९ मधून ७.६ उरतात आणि भागतं. लेबलवर १० असेल आणि हाताशी चांगला ९ चा असेल तरी बहुतेक वेळा निभतं. १२ ला मी हात लावणार नाही.

जुन्या ठोकळ्याची मापं

इथे एक गोष्ट मीटर हातात घेऊन बघण्यासारखी आहे. जुना, हातात जड लागणारा, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर घ्या, ज्याला तेव्हा एलिमिनेटर म्हणायचे. वर ‘९ व्होल्ट डीसी’ लिहिलंय. मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, लाल सळई पिनेच्या भोकात, काळी बाहेरच्या नळीला. भिंतीचं बटण चालू करा. मीटर ९ दाखवत नाही. १२ दाखवतो, कधी १३, कधी १४. लोक घाबरतात आणि अडॅप्टर खराब म्हणून टाकून देतात.

तो खराब नसतो. अशा अडॅप्टरमध्ये व्होल्टेज बांधून ठेवणारं काही नसतं. पूर्ण लोड आल्यावर ते ९ पर्यंत उतरेल अशा बेताने तो बनवलेला असतो, आणि रिकामा असताना वर चढतो. कन्सोल जोडला की उतरतो. पण यात एक मेख आहे: असा अडॅप्टर भिंतीतली वीज वाढली की त्याच प्रमाणात वाढतो. पावसाळ्यात, लाइट जाऊन येताना, बिल्डिंगमध्ये व्होल्टेज वर-खाली होत असतं तेव्हा कन्सोललाही ते भोगावं लागतं. हलका, आजकालचा एसएमपीएस प्रकारचा अडॅप्टर भिंतीतून १०० ते २४० काहीही आलं तरी बाहेर ९ म्हणजे ९ च देतो, रिकामा असो की भरलेला. तीस वर्षांच्या मूळ ठोकळ्यापेक्षा तो कन्सोलला जास्त मानवतो, असं माझं ठाम मत आहे.

मापताना उणे चिन्ह दिसलं तर घाबरायचं नाही. लाल सळई मध्ये असताना मीटरने उणे दाखवलं, म्हणजे मधली पिन ऋण. लेबल आणि मीटर यांचं पटत नसेल तर मीटरवर विश्वास ठेवा. आणि डीसीवर शून्याच्या आसपास दाखवत असेल तर मीटर एसीवर फिरवून बघा, अडॅप्टर एसीवाला असू शकतो. तिथेही काही नसेल तर बहुधा पिनेजवळची वायर आतून तुटलेली असते, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या आतला थर्मल फ्यूज गेलेला असतो. भिंतीच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा, अर्थात बोर्डातून काढून. जड ठोकळ्यात काहीतरी आकडा यायला हवा. नुसताच ‘१’ किंवा ‘ओएल’ आला तर आतली तार तुटलीय. तो भंगारात द्या.

अँपिअरची भीती

‘माझ्या कन्सोलला ०.८५ अँपिअर लिहिलंय, अडॅप्टर २ अँपिअरचा आहे, जळेल का?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. नाही जळणार. पंगतीत वाढप्याच्या हातात बादलीभर वरण असलं तरी पानात पडतं ते जेवणाऱ्याने मागितलं तेवढंच. अँपिअर म्हणजे ती बादली. ती मोठी असली तर चांगलंच. लहान असेल, म्हणजे ०.८५ मागणाऱ्याला ०.५ चा अडॅप्टर लावलात, तर तो तापतो, व्होल्ट पडतात, चित्र हलतं, गेम मध्येच अडकतो. लेबलवर आहे तेवढे किंवा जास्त अँपिअर, बस.

इथे काय मिळतं

सगळ्यात आधी घरातला तो ड्रॉवर. इंटरनेटवाले बदलले की राउटर परत जातो, अडॅप्टर घरीच राहतो. ९ व्होल्ट, १ अँपिअरचा सापडला तर अर्धं काम झालं. फक्त तो मध्ये धन असणार, आणि कन्सोल मध्ये ऋण असेल तर पिन उलटी करायची. यासाठी सीसीटीव्ही बसवणारे वापरतात ती स्क्रूवाली डीसी पिन घ्या. एका टोकाला ५.५ मिलिमीटरची गोल पिन, दुसऱ्या टोकाला हिरवा ठोकळा, त्यात दोन स्क्रू, अधिक आणि उणे लिहिलेले. अडॅप्टरची जुनी पिन कापा, दोन तारा सोला, मीटरने कुठली धन ते बघा, आणि मुद्दाम उलटं जोडा: धन तार उणेच्या स्क्रूखाली, ऋण तार अधिकच्या. सोल्डरचा डाग द्यायची गरज नाही. जोडून झाल्यावर पुन्हा मीटर लावा, लाल सळई मध्ये, उणे ९ दिसायला हवं. मग त्यावर पांढरी पट्टी चिकटवून ‘फक्त व्हिडिओ गेम’ असं लिहा, नाहीतर उद्या घरातलं कुणीतरी तो राउटरला लावेल.

कापाकापी नको असेल तर संगीताच्या दुकानात जा. गिटारच्या इफेक्ट पेडलला जो अडॅप्टर लागतो तो ९ व्होल्ट डीसी, मध्ये ऋण, पिन ५.५ बाय २.१. म्हणजे फॅमिकॉमला किंवा पहिल्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हला हवं ते सगळं. फक्त अँपिअर बघून घ्या, साधे पेडल अडॅप्टर २०० ते ५०० मिलिअँपिअरचे असतात, ते पुरत नाहीत. १ अँपिअरच्या वरचा मागा. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डचा ‘एडी-५’ नावाचा अडॅप्टरही ९ व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, मध्ये ऋण. गाण्याच्या क्लासला जायची मुलं मोठी झालेल्या घरांत तो हमखास असतो. नव्या कॅसिओचे साडेनऊ व्होल्टचे अडॅप्टर मात्र मध्ये धन आहेत, त्यामुळे ‘कॅसिओचा आहे’ एवढ्यावर जाऊ नका.

मोबाइलच्या फास्ट चार्जरचाही उपयोग होतो. पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचा चार्जर मागितलं तर ९ व्होल्ट देतो, आणि तसं मागणारी ट्रिगर केबल मिळते: एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्याला गोल पिन. केबल ९ व्होल्टचीच घ्या, १२ किंवा १५ ची नको. ती बहुतेक मध्ये धन असते, तेव्हा पुन्हा मीटर. आणि चार्जरला ९ जमत नसेल तर ५ च येतात, कन्सोल चालू होत नाही, नुकसानही होत नाही.

ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत सेक्टर १७ कडे साधे अडॅप्टर मिळून जातात. ४.८ बाय १.७ ची बारीक पिन, सुट्टे ७८०५, एसी ते एसी ट्रान्सफॉर्मर असलं काही हवं असेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला पर्याय नाही. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथे पश्चिम रेल्वेची स्लो पकडून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. रविवार सोडून जा. एकच कानमंत्र: ‘व्हिडिओ गेमचा अडॅप्टर’ मागू नका. ‘९ व्होल्ट डीसी, १ अँपिअर, ५.५ बाय २.१, सेंटर निगेटिव्ह’ असं म्हणा. तिथले लोक आकड्यांची भाषा बोलतात, आणि तुम्हीही बोललात की टोपलीतला कुठलातरी हातात पडत नाही.

बटण सरकवून ३ ते १२ व्होल्ट निवडायचा आणि पिन उलटी-सुलटी लावायचा जो ‘युनिव्हर्सल’ मिळतो, त्याबद्दल माझं मत वाईट आहे. बटण धक्का लागून सरकतं, पिन घाईत उलटी लागते, आणि स्वस्तातल्यांवर लिहिलेले अँपिअर खरे नसतात. अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी नको.

परदेशातला मूळ अडॅप्टर सापडलाच तर

जपानचा अडॅप्टर भिंतीतून १०० व्होल्ट मागतो, अमेरिकेचा १२०. आपल्याकडे २३०. जपानी ठोकळा थेट बोर्डात घातला तर दुपटीहून जास्त दाब पडतो, ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळायच्या आधीच्या क्षणांत कन्सोललाही दुप्पट-सव्वादोनपट पाठवून देतो. कन्सोल न जोडता ‘नुसतं बघू’ म्हणूनही घालू नका.

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, २३० चे ११० करणारा, ५० किंवा १०० वॉटचा. आपल्या कन्सोलना तेवढा भरपूर झाला. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी मिळतो तो हलका कन्व्हर्टर मात्र ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरला चालत नाही. आणखी एक गंमत आहे. जपानमध्ये पूर्वेकडे ५० हर्ट्‌झ आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्‌झ वीज असते, त्यामुळे जपानी अडॅप्टर दोन्हींसाठी बनवलेले असतात. अमेरिकन मात्र फक्त ६० साठी. आपली वीज ५० हर्ट्‌झ, म्हणून स्टेप-डाऊन लावूनही अमेरिकन ठोकळा जरा जास्तच तापतो. एवढा खटाटोप करून हाती काय येतं, तर तोच ९ व्होल्टचा प्रवाह. ‘ओरिजिनल’ नेहमी चांगला असतो यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी कमोडोर ६४ या जुन्या संगणकाची गोष्ट ऐकावी: त्याच्या मूळ सप्लायमधला रेग्युलेटर म्हातारपणी बिघडून ५ पेक्षा जास्त व्होल्ट सोडतो आणि मेमरीच्या चिप मारतो. तिथे मूळ सप्लाय न वापरणं हाच जाणकारांचा पहिला सल्ला असतो.

ज्यांचं जमत नाही

सगळेच कन्सोल एवढे सरळ नाहीत. निन्टेन्डो ६४ चा सप्लाय मागे सरकवून बसवायचा ठोकळा आहे आणि तो एकदम दोन व्होल्टेज देतो, ३.३ आणि १२. तिथे बाजारातला साधा अडॅप्टर उपयोगाचा नाही. पण युरोपातला २३० व्होल्टचा ठोकळा अमेरिकन किंवा जपानी यंत्रात तसाच बसतो आणि चालतो, कारण बाहेर येणारी वीज तीच आहे. गेमक्यूब १२ व्होल्ट, ३.२५ अँपिअर घेतो, पण पिन त्याचीच वेगळी. अटारी २६०० ला ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, आणि पिन चक्क हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची, टोक धन. ही पिन घालताना क्षणभर शॉर्ट होते, म्हणून अटारीत आधी पिन, मग भिंतीचं बटण. खरं तर ही सवय सगळ्यांनाच लावावी.

पहिल्या प्लेस्टेशनचा सप्लाय डब्याच्या आत असतो आणि बाहेर फक्त टेपरेकॉर्डरसारखी दोन भोकांची वायर. धोका तिथेच आहे. ती वायर कुठलीही बसते, पण जपानी आणि अमेरिकन प्लेस्टेशन आतून १००-१२० व्होल्टचेच आहेत. मागचं लेबल बघा, २२०-२४० नसेल तर स्टेप-डाऊन लावल्याशिवाय बटण दाबू नका. आणि हा सप्लाय हौसेने उघडू नका. २३० व्होल्टवाल्या सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असते, वायर काढल्यावरही काही वेळ. ते काम मेकॅनिकचं.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं जुळलं, मीटरने खात्री झाली. आता कन्सोलचं बटण बंद ठेवून पिन घाला, भिंतीचं बटण चालू करा, आणि वास घ्या. काही नसेल तर कन्सोल चालू करा, पण कॅसेट न घालता. लाल दिवा लागला, टीव्हीवर काहीतरी हललं, की बंद करून कॅसेट घाला. दहा मिनिटांनी अडॅप्टरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर काढा.

चित्रात बारीक आडव्या लाटा सरकताना दिसल्या किंवा आवाजात घूं-घूं आली, तर स्वस्त एसएमपीएस अडॅप्टरचा तो गोंगाट असतो. दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाचा लावून बघा. तरी गेली नाही तर कन्सोलमधले कपॅसिटर सुकलेत, आणि ते बदलून घ्यावे लागतील.